हिरवळ काढून माळ लावताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जुलैचं पाण्याचं बिल आलं आणि ते हातात धरून मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. १७,००० गॅलन. लिटरमध्ये चौसष्ट हजार. हिवाळ्यात आम्हा तिघांना महिन्याला ३,५०० गॅलन पुरत होते, म्हणजे वरचं सगळं पाणी घराभोवतीच्या गवतावर गेलं होतं. गावाकडे येणारा टँकर बारा हजार लिटरचा असतो. एका महिन्यात चार टँकर आम्ही हिरवळीला पाजले होते, आणि तेही प्यायचं, शुद्ध केलेलं पाणी.

मी माण तालुक्यातली. दहिवडीपासून आठ-दहा किलोमीटरवर आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात आईने चौदाव्या वर्षी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. २०१३ च्या उन्हाळ्यात आप्पा दोन म्हशी घेऊन चारा छावणीत राहिले होते. त्या घरातल्या मुलीने हे बिल भरायचं होतं. आई-आप्पांना फोनवर आकडा सांगायचं धाडस मला वर्षभर झालं नाही.

नवऱ्याची नोकरी इथल्या विद्यापीठात, म्हणून २०१७ मध्ये आम्ही कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला आलो. पावणेदोन लाखाच्या आतबाहेर वस्तीचं शहर. डेन्व्हरपासून गाडीने तासाभरावर, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर. पहिल्या हिवाळ्यात ओठ फुटले, मुलाच्या नाकातून दोनदा रक्त आलं, आणि पाणी ९५ अंशांनाच उकळतं म्हणून पातेल्यात डाळ शिजेना. कुकर होता म्हणून निभावलं. या सगळ्याची सवय होते. गवताची मात्र मला झाली नाही.

इथे दिशा कुणाला विचारावी लागत नाही. डोंगर दिसतो ती पश्चिम. शहराची शेवटची घरं संपली की लगेच पायथ्याच्या टेकड्या, त्यांच्या मागे रॉकी पर्वत, आणि हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला लाँग्ज पीकचं सपाट डोकं. पूर्वेला तोंड केलं की काहीच नाही. नुसता माळ, थेट नेब्रास्का आणि कॅन्ससपर्यंत. त्याला इथे प्रेअरी म्हणतात. पहिल्यांदा तिकडे गाडी नेली तेव्हा नवरा म्हणाला, "काय ओसाड आहे!" मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, आपण म्हसवडच्या रस्त्याला लागलोय.

हे साम्य नुसतं डोळ्यांचं नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला माण जसा पर्जन्यछायेत, तसं हे शहर रॉकीच्या पूर्वेला. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडच्या चांगल्या वर्षाच्या आगेमागेच. फरक एवढा की आपला पाऊस पश्चिमेकडून येतो, तर इथलं मोठं बर्फ बहुतेकदा उलटा वारा घेऊन येतो. पूर्वेचा ओला वारा डोंगराला येऊन थडकतो आणि मग दोन दोन फूट साचतं. नदीसुद्धा आपल्या माणगंगेसारखी पूर्वेला जाणारी. नाव काश ला पूडर. फ्रेंच शिकाऱ्यांनी जड झालेली बंदुकीची दारू हिच्या काठी पुरून ठेवली होती म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

शहराला पाणी मिळतं ते दोन ठिकाणांहून: एक ही नदी आणि दुसरा हॉर्सटूथ जलाशय. हॉर्सटूथचं पाणी कुठून येतं हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पर्वतरांगेच्या पलीकडे, पश्चिमेला वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातलं पाणी डोंगराच्या पोटातून २१ किलोमीटरच्या बोगद्याने इकडे आणलंय. १९३८ मध्ये योजनेचं काम सुरू झालं, १९४७ मध्ये बोगद्यातून पहिलं पाणी वाहिलं. आपल्याकडे कोयनेचं नेमकं उलटं आहे. पूर्वेला वाहणारी नदी अडवून तिचं पाणी डोंगरातून पोफळीला खाली सोडतात, वीज करतात आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. वीज हवी होती हे मला समजतं. पण माणमधल्या माणसाला ते पाणी पश्चिमेला जाताना बघणं अवघड जातं. आणि इथे लोकांनी पर्वत पोखरून पूर्वेला आणलेलं पाणी मी फवाऱ्याने गवतावर उडवत होते.

शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशी पार केलेले. त्यांचे आजी-आजोबा रशियातून आलेले जर्मन, शुगरबीटच्या शेतांवर मजुरीला लागलेले. इथे १९०३ मध्ये बीटाचा साखर कारखाना निघाला तेव्हा अशी पुष्कळ कुटुंबं आली. आजोबांनी स्वतः तीस वर्षं एका कालव्यावर नोकरी केली. काम काय, तर रोज कालव्याच्या कडेने फिरायचं, दारं उघडायची, मोजपट्टीवर पाणी बघायचं, ज्याची पाळी त्याला सोडायचं आणि चोरून घेणाऱ्याशी भांडायचं. मी ताडकन म्हणाले, "पाटकरी!" त्यांना तो शब्द इतका आवडला की आता फोनवर मला सांगतात, "पाटकरी बोलतोय."

शहराच्या पोटातून असे कितीतरी पाट जातात. न्यू मर्सर घरांच्या मागून जातो, आर्थर नावाचा तर जुन्या गावाखालून बंदिस्त वाहतो. आजोबांनी मला पाण्याचा हक्क समजावून सांगितला. जो पहिला आला आणि ज्याने पाणी पहिल्यांदा कामाला लावलं, त्याचा हक्क पहिला. दुष्काळात पहिल्याला पूर्ण मिळतं, शेवटच्याला काहीच नाही. या राज्यात हा नियम पक्का व्हायला याच नदीवरचं भांडण कारण झालं. खालच्या अंगाला ग्रीलीची वसाहत १८७० मध्ये वसली, वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सवाल्यांनी नंतर कालवे खणले, आणि १८७४ च्या उन्हाळ्यात नदी ग्रीलीला पोचायच्या आतच आटली. दोन वर्षांनी राज्याची घटना लिहिली गेली तेव्हा हा 'पहिला तो पहिला' नियम तीत आला. मी त्यांना धुळ्याकडची फड पद्धत सांगितली. पाणी कमी असेल तर सगळ्यांनी मिळून कमी फड भिजवायचे, त्या फडांत प्रत्येकाचा तुकडा असतोच. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुमचं कठीण आहे. पण बरोबर आहे."

या नियमामुळे घराच्या छपरावर पडलेलं पावसाचं पाणीसुद्धा बऱ्याच काळापर्यंत पिंपात धरता येत नव्हतं, कारण ते खालच्या हक्कदाराचं! २०१६ मध्ये कायदा बदलला आणि घराला दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, एवढी मुभा मिळाली. आम्ही दोन्ही पिंपं लावली. पण त्या हिरवळीपुढे ती कुठे पुरणार?

मग २०२० आलं. १३ ऑगस्टला कॅमेरॉन पीकच्या बाजूला आग लागली. आधी डोंगरामागे धुराचा एक खांब दिसला, मग आठवड्याभरात भर दुपारी आकाश भगवं झालं. गाडीवर राखेचा थर, त्यात जळक्या सुया. मुलगा बोटाने त्यावर नाव लिहायचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला उकाडा कळसाला असताना एका रात्रीत बर्फ पडलं. वाटलं, विझली. विझली नव्हती. ऑक्टोबरात पुन्हा भडकली आणि २ डिसेंबरला आटोक्यात आली तेव्हा २,०८,९१३ एकर जळून गेलं होतं. कोलोरॅडोच्या नोंदीतली सगळ्यांत मोठी आग. त्यातलं बरंचसं आमच्या नदीचं पाणलोट क्षेत्र. हॉर्सटूथकडच्या पाइपलाइनची दुरुस्तीही त्याच वेळी ठरलेली होती. त्यामुळे १ ऑक्टोबरपासून शहराने पाण्यावर निर्बंध आणले आणि हिरवळीला पाणी घालणं बंद झालं.

आमचं गवत दोन आठवड्यांत पिवळं पडलं. मला त्याचं दुःख झालं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यात आप्पांना मी बिलाचा आकडा सांगितला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग काढून टाक की ते."

सांगणं सोपं होतं, काढायला अडीच वर्षं गेली. इथे घरांच्या वसाहतीची एक संस्था असते, आपल्या सोसायटीसारखी. तिची परवानगी लागते. २०२१ च्या उन्हाळ्यात मी पाणी निम्म्यावर आणलं तर पत्र आलं की समोरचं गवत तपकिरी दिसतंय, सुधारणा करा. राज्याच्या कायद्यात कमी पाण्याच्या बागेला सरसकट मनाई करता येत नव्हती, पण आराखडा तपासायचा अधिकार संस्थेला होता, आणि आमचा आराखडा दोनदा परत आला. एकदा गवत उंच वाढेल म्हणून, एकदा झाडांची नावं पुरेशी नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा मी स्वतः बैठकीला गेले आणि बिलं टेबलावर मांडली. मार्च २०२३ मध्ये होकार आला. त्याच वर्षी राज्याने कायदा केला की अशा संस्थांनी कमी पाण्याच्या बागेचे निदान तीन आराखडे आधीच मंजूर करून ठेवायचे. आमच्यामागून येणाऱ्यांना तेवढं सोपं झालं, याचा मला आनंद आहे.

शहराच्या पाणी खात्याची योजनाही आहे. हिरवळ काढून अशी बाग केली तर खर्चाचा काही भाग परत मिळतो. अट अशी की मंजुरीआधी कुदळ मारायची नाही. आम्ही अर्ज केला, खात्याची बाई येऊन मोजमाप करून गेली. पुढचं अंगण आणि बाजूची पट्टी मिळून १,८०० चौरस फूट काढायचं ठरलं. मागचं गवत मुलाच्या फुटबॉलसाठी ठेवलं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी गवत सोलायचं यंत्र भाड्याने आणलं. ते सुरीसारखं जमिनीत दोन इंच शिरतं आणि गवताच्या चटया कापत जातं. आदल्या दिवशी जमीन भिजवून ठेवायची असते, नाहीतर इथली चिकणमाती यंत्राला दाद देत नाही. नवरा यंत्र धरायचा, मी चटया गुंडाळायचे. एकेक गुंडाळी ओल्या घोंगडीएवढी जड. दुपारपर्यंत पाठ गेली. पण मी एका चटईची मुळं उलटी करून पाहिली: चार बोटं, फार तर पाच. इतक्या वर्षांच्या गवताची मुळं एवढीच खोल. रोज वरून पाणी मिळतंय म्हटल्यावर ती खाली कशाला जातील?

आम्हाला लावायचं होतं ब्लू ग्रामा, इथल्याच माळावरचं गवत. १९८७ पासून ते कोलोरॅडोचं राज्यगवत आहे. त्याची मुळं काही फूट खाली जातात. तुरा दांड्याला आडवा फुटतो, बारीक भुवईसारखा. हे उन्हाळी गवत, थंड जमिनीत उगवत नाही, म्हणून जूनपर्यंत थांबायचं. हे थांबणंच मला जड गेलं. मे महिन्यात उघड्या जमिनीवर तण उसळलं. आजोबा म्हणाले, येऊ दे, मुद्दाम पाणी दे, उगवलं की खरड, पुन्हा पाणी दे, पुन्हा खरड. पेरणीआधी पाळी मारतात तसंच हे. दोनदा केलं. एक वेल मात्र हटेना. पांढरट गुलाबी फुलांची, कितीही उपटा, पाचव्या दिवशी हजर.

त्या वर्षी मे-जूनला पाऊसही भरपूर झाला. एरवी आनंद झाला असता, पण जमीन सारखी चिखलाची. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, येईना. मी रोज सकाळी मूठभर माती दाबून बघायची, लाडू फुटतोय का. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. १६ जूनला लाडू फुटला.

अडीच किलो बी पुरेसं होतं. इतकं हलकं की हातातून निसटतं, म्हणून ओलसर वाळूत कालवलं. निम्मं उभं फेकलं, निम्मं आडवं, आणि दाताळ्याने वरवर माती ओढली. बी खोल गेलं तर उगवत नाही. मग दोन आठवडे दिवसातून तीनदा हलकं पाणी. मला याचीही बोच होती, पण सुरुवातीला द्यावंच लागतं. आठव्या दिवशी संध्याकाळी वळवासारखं आभाळ आलं, वीस मिनिटं गारा पडल्या आणि उताराच्या बाजूचं बी वाहून फुटपाथवर गेलं. मी पावसातच दाराशी उभी राहून रडले. एवढ्याशा गवतासाठी कुणी रडतं का, असं कुणी मला विचारलं नाही हे बरं झालं.

दहाव्या दिवशी मुलगा शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरातून आला आणि अंगणात पालथा झोपला. गाल जमिनीला लावून म्हणाला, "आई, इथून दिसतंय." मीही झोपले. केसासारखी हिरवी रेघ, मग दुसरी, मग उन्हाच्या दिशेने बघितलं तर सगळीकडे. वाहून गेलेल्या भागात जुलैच्या पहिल्या आठवड्यात नांगे भरले, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टाकलं.

पहिल्या वर्षी ते दिसायला गरीबच होतं. विरळ, मधे माती. शेजारचे एक गृहस्थ दर रविवारी हळहळायचे. हिवाळ्यात ते पेंढ्याच्या रंगाचं झालं आणि तसंच राहिलं मेच्या मध्यापर्यंत, आजूबाजूच्या हिरवळी हिरव्या झाल्या तरी. आप्पा फोनवर विचारायचे, "माळ लावलास होय? माळ कुणी लावतं का गं? माळ असतोय." त्यांचं खरं होतं. हे अंगण घरं बांधायच्या आधी माळच होतं, त्यावर बाहेरून आणलेलं गवत अंथरलं होतं. मला फक्त ते काढायचं होतं आणि बी परत द्यायचं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते भरलं. २०२४ च्या जुलैचं बिल १०,००० गॅलनचं आलं. पुढच्या अंगणाला त्या महिन्यात मी दोनदाच पाणी दिलं.

त्याच उन्हाळ्यात आई आली. आप्पांचे गुडघे प्रवासाचे राहिले नाहीत, म्हणून एकटी. बॅगेत लोणचं, मेतकूट आणि फडक्यात गुंडाळलेलं खुरपं. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर ती अंगणात उकिडवी बसलेली. त्या वेलीचा शेंडा बोटांवर घेऊन म्हणाली, "आगं, ही तर चांदवेल. आपल्या ज्वारीत येती ती. हिला वरनं वढून काय हुतंय? मुळी खाली राहती." मी दोन उन्हाळे जिच्याशी झगडत होते तिला आईने नावाने हाक मारली. मग रोज सकाळी ती खुरप्याने वीतभर खाली जाऊन पांढरी मुळी काढायची. आजोबा कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचे. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. ती मुळी वर धरून दाखवायची आणि ते मान डोलवायचे.

जुलैच्या सुरुवातीला एका रविवारी आम्ही तिला सोपस्टोन प्रेअरीवर नेलं. शहराच्या उत्तरेला, वायोमिंगच्या हद्दीलगत, शहराच्याच मालकीचा हा माळ आहे, २००९ पासून लोकांना खुला. तिथल्या लिंडनमायर नावाच्या जागी दहा हजार वर्षांहूनही जुन्या माणसांच्या वस्तीच्या, शिकारीच्या खुणा सापडल्या आहेत. १ नोव्हेंबर २०१५ ला तिथे दहा बायसन सोडले. मूळ वंश यलोस्टोनचा, आणि त्यांना रोगमुक्त करण्याचं काम इथल्या विद्यापीठात झालं. आता कळप मोठा आहे. आम्हाला तो लांबून दिसला, काळे ठिपके.

"गव्यावानी हाय," आई म्हणाली. मग बराच वेळ ती कळपाकडे नाही, गवताकडे बघत होती. वारा आला की माळाचा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत जायचा.

"कुणाचा हाय ह्यो माळ?"

"शहराचा."

"आन् मोकळाच ठिवलाय?"

"मोकळाच."

आमच्या गावच्या माळाला सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाला न येणारी जमीन, असं लिहिलेलं आहे. धनगरांच्या मेंढ्या, लांडगा, ससे, तितर, सगळं त्यावर जगतं. आता त्याचे निम्मे प्लॉट पडलेत. आई त्याबद्दल काही बोलली नाही. मी पायवाट सोडू नको म्हणत असतानाच ती चार पावलं गवतात शिरून उभी राहिली आणि परत आली तेव्हा तिच्या लुगड्याच्या काठाला कुसळं लागली होती. लांब शेपटाची, अणकुचीदार, आपल्या कुसळीसारखीच. इथे त्या गवताला 'सुई-दोरा' म्हणतात.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर मुलाशेजारी बसली. काठ मांडीवर घेऊन एकेक कुसळ काढत होती, आणि मुलगा तिने काढलेलं प्रत्येक कुसळ तळहातावर घेऊन शेपटी कशी पिळते ते बघत होता.